रिकामे झोके

नगराध्यक्ष दिगंबररावांनी गावात बाग उभारली, झोक्यांच्या कमानीवर स्वतःचं नाव रंगवलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेना. वर्ष उलटलं. पोरं गजांतून झोक्यांकडे बघत उभी राहायची. त्यांत अनसूयाकाकूंची नात चिमीही असायची.

काकू दिगंबररावांच्या नातवाला न्हाऊ घालायला बंगल्यावर जात. एके सकाळी बाळ पोट दुखून रडरड रडलं.

"नजर लागली का हो, काकू?" दिगंबररावांच्या पत्नी, वहिनीसाहेब, घाबरून म्हणाल्या.

"नजर नव्हे. रिकामा पाळणा कुणी हलवला का?"

"आमच्या घरात? छे!"

"घरातला नव्हे हो. बागेतले झोके! साहेबांच्या नावाचे, आणि वारा ते वर्षभर रिकामेच हलवतोय."

दिगंबरराव हसले. "अहो, अजून उद्घाटन कुठं झालंय?"

"ते वाऱ्याला कुणी कळवलंच नाही, साहेब!"

वहिनीसाहेबांनी नवऱ्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या."

संध्याकाळी पहिल्या झोक्यावर चिमी होती.

बाळ मात्र काकूंनी दिलेल्या ओव्याच्या शेकानं केव्हाच निजलं होतं. पण त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.