मालकाचा पहिला घोट

चिखलदऱ्याच्या घाटात, वरच्या वळणावर कॉफीचं एक जुनं दुकान आहे. नवखं गिऱ्हाईक तिथे हमखास चिडतं. कॉफी सांगून ते ताटकळत बसतं, आणि मालक किटली उतरवून आधी स्वतःच पितो. तेही सगळ्यांसमोर, उभ्याने. "हे बरंय, आम्ही बसायचं बघत," असं कुणी पुटपुटलं की कोपऱ्यातले भैयालाल मावस्कर म्हणतात, "बसा भाऊ. रागावण्यासारखं घडलं इथं, पण ते आजचं नाही." आणि मग ते सुगंतीचं सांगायला लागतात.

फार वर्षांपूर्वी हे दुकान एका शेठचं होतं म्हणे. मागच्या उतारावरची कॉफीची झाडं सुगंतीच्या बापाने, मन्सारामने, हाताने लावलेली. सुगंती तिथे फळं तोडायची. पोर भारी भित्री. शेठ नुसता खाकरला तरी तिच्या हातून टोपली सुटायची.

मन्साराम आजारी पडला, अन्न सुटलं. जन्मभर जे पिकवलं ते एकदा चाखायचंय, एवढंच तो बोलला. सुगंती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यानंतर आलेले साहेबलोक पिऊन गेले, त्यांचे खानसामेही पिऊन गेले. ही उभीच. अखेर शेठने एक पेला पुढे सरकवला. तो पदराखाली झाकून तिने घरी नेला.

बापाने एक घोट घेतला आणि मान फिरवली. "आपली नाई हे."

जन्मभर बिया भाजलेल्या माणसाला वास कसा चुकेल? साहेबांची कॉफी गाळून उरलेला चोथा, त्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेलं ते पाणी होतं. दुकानाच्या दारात येणाऱ्या हमालांना नेहमी तेच मिळायचं. कॉफी म्हणजे हेच, असं समजून ते बिचारे पीतही होते.

सुगंती पेला घेऊन परत आली. दुकान भरलेलं होतं. तिने पेला शेठसमोर ठेवला.

शेठ हसला. "तुले काय समजते वं कॉफीतलं? पेली काय कधी?"

"पेली नाई शेठ. तोडली, वाळवली, भाजली, कुटली." तिने पेला आणखी पुढे सरकवला. "तुमी तं रोज पेता. मंग हे पेऊन दाखवा."

शेठने पेल्याला हात लावला नाही. सगळ्या दुकानाने ते पाहिलं.

असं सांगतात, की त्या घटकेपासून किटलीतून चोथ्याचंच पाणी पडू लागलं. पूड बदलली, पाणी बदललं, साहेबांच्या कपातही तेच. चौथ्या दिवशी शेठ मन्सारामला पाजायला स्वतः किटली घेऊन उतार उतरला, सुगंतीच्या घरी आला. मन्साराम त्या पहाटेच गेला होता.

"आता कोनाले पाजता?" सुगंती म्हणाली. "तुमीच प्या. माह्या बापासमोर."

शेठ उभ्याने प्यायला, तळापर्यंत. तेव्हा कुठे किटलीची चव परतली म्हणे. सुगंतीने मात्र त्या दुकानाची कॉफी जन्मात तोंडाला लावली नाही.

आजही मालक घोट घेतो तेव्हा सगळं दुकान त्याच्या तोंडाकडे पाहत असतं. भुवई जरा आखडली, की भरली किटली मोरीत जाते. कुणाला काही बोलावं लागत नाही.