केरबा ओळीत बसतो

करवंदवाडीत, टेकडीच्या पायथ्याशी, एका इवल्याशा झोपडीत बकुळा राहायची. सगळे तिला बकू म्हणत. तिचे बाबा, केरबा, बांबूच्या टोपल्या विणायचे. घरात कधी भाकरी असे, कधी नुसती पेज, पण केरबाची स्वप्नं मात्र राजवाड्याएवढी. बकू वाऱ्यासारखी पळते हे कळल्यापासून तर त्याने गावभर सांगून ठेवलं होतं, "माझी पोर खो-खोत राजाच्या हातून सोन्याचं पदक घेणार."

मग काय, कोंबडा आरवायच्या आत टेकडीला दहा फेऱ्या, आणि वर एकच धडा: "खो द्यायचा नाही, पोरी. खो दिलास की पदक दुसरीचं. तूच पळ, तूच धर."

आता खो-खोत आठ मुली ओळीने, एक इकडे तोंड करून तर एक तिकडे, उकिडव्या बसतात. नववी पळते. तिला मागे वळता येत नाही, ओळ ओलांडता येत नाही. बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचं, की ती पळणार आणि आपण तिच्या जागी बसायचं. खो न देता हा खेळ जिंकायचा, हे खूळ केरबाच्याच डोक्यात शिरावं!

पण बाबांचा उतरलेला चेहरा बकूला बघवत नसे. म्हणून ती एकटीच धावधाव धावायची आणि तिची मैत्रीण शेवंता ओळीत बसून पायांना मुंग्या आणायची. शेवटी सामन्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या बाई म्हणाल्या, "बकुळा, उद्या खो दिला नाहीस, तर परवापासून तू संघात नाहीस."

बकू करवंदीच्या जाळीपाशी जाऊन खूप रडली. तेवढ्यात जाळीत काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची एक परी! जांभळा झगा, सोनेरी पंख, आणि एक पंख काट्यांत अडकलेला. बकूने डोळे पुसले. बोटांना काटे टोचले, रक्ताचे लालचुटुक थेंब आले, तरी तिने तो नाजूक पंख अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी बाय," परी म्हणाली. "माग काय हवं ते. तीनदा मागता येईल. पण इच्छा तुझी स्वतःची हवी. दुसऱ्याची मागितलीस तर माझी छडी पेटणारच नाही."

"मला एकटीला सगळ्यांना बाद करता येऊ दे," बकू म्हणाली. छडी काळीच राहिली.

"मग सोन्याचं पदक मिळू दे." छडी पुन्हा काळीच.

"ही कुणाची इच्छा गं?" परीने हळूच विचारलं.

"बाबांची," बकू उत्तरली. मग म्हणाली, "बाबांनी एकदा ओळीत बसून बघावं, असं मला वाटतं."

छडीतून गुलाबी, निळ्या, पिवळ्या ठिणग्यांचा पाऊस पडला. "उद्याच बसतील. पण लक्षात ठेव, तुझा हात पाठीवर पडेपर्यंत त्यांना उठता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सामना अगदी रंगात आला. एक गडी बाद केला की करवंदवाडी जिंकणार होती. बकू पळायला उठली, आणि बघते तर शेवंताच्या जागी बाबा! पिळदार मिशा, डोईला मुंडासं, गुडघे कुरकुरताहेत. बाकीच्यांना तिथे शेवंताच दिसत होती. आणि मैदानाच्या कडेला, केरबाच्या रूपात, शेवंता गुपचूप उभी होती. केरबा आज ओरडत कसा नाही, याचं गावाला मोठं नवल वाटलं.

बकू बाबांच्या मागून एकदा धावत गेली. दुसऱ्यांदा गेली. दर वेळी केरबाची पाठ ताठ होई, हात टेकून तो उठायच्या बेतात येई, आणि पावलं पुढे निघून जात. इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या संघातली मुलगी ओळीतून पलीकडे निसटली. बकूला ओलांडता येईना. शिट्टी वाजायला चार श्वास उरले होते.

"बकू," केरबा कळवळून म्हणाला, "मला दे गं. मला खो दे."

बकूने आपला छोटासा तळवा त्या रुंद पाठीवर ठेवला. "खो."

लख्खकन् उजेड पडला. केरबा मैदानाच्या कडेला, आणि ओळीतून उसळली खरी शेवंता! एक झेप, दोन ढांगा, आणि गडी बाद. करवंदवाडी जिंकली. पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. बाईंनी बकूची पाठ थोपटली. आणि शेवंताला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचला कोण, तर केरबा.

नाचून दमल्यावर तो बकूजवळ आला. "पोरी, तू मला विसरलीस असंच वाटलं होतं मला."

"शेवंताला रोज तसंच वाटायचं, बाबा."

केरबाने मान खाली घातली. मग मुंडाशाने डोळे टिपून म्हणाला, "उद्यापासून तुला आवडेल तसं खेळ. आणि मला ओळीत बसवशील का? एखाद्या दिवशी?"

बकू खुदकन हसली. सामनाभर तिच्या खांद्यावर लपून बसलेली परी मोगऱ्याच्या कळीएवढी झाली, मग दवाच्या थेंबाएवढी, आणि संध्याकाळच्या केशरी उजेडात मिसळून गेली. तो उजेड मैदानातल्या नऊही पोरींच्या तोंडावर सारखाच पडला होता.