सारजाची अर्धशिशी

तेरणेच्या काठी धामणी गावात त्या वर्षी केवलगिरी महाराजांचा मुक्काम मारुतीच्या देवळात होता. गावातले दौलतराव हे त्यांचे निष्ठावंत शिष्य. द्वादशीला त्यांनी महाराजांना घरी प्रसादाला बोलावले.

स्वयंपाकाचा भार धाकट्या भावजयीवर, सारजावर पडला. महाराज आपल्या हातची पुरणपोळी खाणार, या आनंदात तिला शीण जाणवला नाही. एकादशीचा कडक उपास, रात्री जागून पुरण वाटलेले, पहाटेपासून चुलीचा धूर. पोळी लाटता लाटता डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तिने ओळखले, अर्धशिशी उठली. बघता बघता अर्धे कपाळ घण घातल्यासारखे ठणकू लागले. ओकारी आवरत ती माजघराच्या अंधारात आडवी झाली.

दौलतराव संतापले. काम दिसले की हिचे डोके उठते, ही सगळी सोंगे आहेत, असे ते भर पंगतीत म्हणाले आणि डोकेदुखीवर उतारा म्हणून कपाळाला डाग द्यायला त्यांनी चुलीत विळा तापत ठेवला. सारजाने सारे ऐकले. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली तिला. ना जखम ना ताप, दुखणे दाखवायचे तरी कसे?

महाराज ताटावरून उठले. माजघरात येऊन त्यांनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. ठणका थांबला! सारजाने पाहिले, तर महाराजच भिंतीला टेकलेले, चेहरा पांढराफटक, एक डोळा पाण्याने भरलेला. उजेड सोसेना म्हणून त्यांनी दार लोटायला सांगितले आणि तिथेच त्यांना उलटी झाली.

दौलतराव धावत आले. महाराज कसेबसे म्हणाले, "हे तिचंच दुखणं आहे. विळा तापला असेल ना? आणा, मला डाग द्या."

दौलतरावांनी चुलीतला विळा काढून पाण्यात बुडवला.

उन्हे कलेपर्यंत महाराज अंधारात पडून होते. सारजा त्यांच्या कपाळावरचे ओले फडके बदलत होती. हे केव्हा केव्हा उठते, असे त्यांनी तिला विचारले. आजवर कुणी विचारलेच नव्हते. उपाशी राहिले की, जागरण झाले की, उन्हात फार वेळ काढला की, असे ती आठवून आठवून सांगत गेली.

संध्याकाळी महाराज उठून बसले. "दौलतराव, हिला वेळेवर जेवू द्या, पुरतं झोपू द्या. दुखणं पुन्हा येईल. तेव्हा अंधारात निजू द्या, पण तिला खोटं ठरवू नका."

दौलतराव पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सारजाकडे पाहिले. ती पदर सावरत दाराआड सरली. गावात कुणापुढे मान न लववणारे दौलतराव उंबऱ्याशी गुडघे टेकून म्हणाले, "पोरी, मला कळलं नाही गं." आणि त्यांनी तिच्यापुढे डोके टेकले.