भैरोबाचं कोरं धोतर

त्या दिवशी चैत्राचं ऊन चांगलं तापलं होतं आणि वारा असा सुटला होता, की वळणीवर वाळत घातलेली धोतरं माणसांच्या आधीच पळायला निघाली होती. आभाळात ढग म्हणून नव्हता. भैरोबाच्या जत्रेचा दिवस होता तो. पण जत्रेचं सांगायचं तर आधी आठ दिवस मागं जायला हवं. घाई करून चालायचं नाही.

एका गावात एक भोळा गडी होता. नाव केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही आणि सांगितलेला शब्द कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा त्यातच होता.

गावाला आळ्या दोन, वरची आणि खालची. दर जत्रेला दोन्ही आळ्या देवासाठी एकेक कोरं धोतर विणून घ्यायच्या. आळीचा एक गडी ते बगलेत धरून नदीपासून देवळापर्यंत पळत यायचा. स्वतः पळायचं तेही आपलं रोजचं धोतर नेसूनच, चड्डीबिड्डी चालायची नाही. ज्याचं कापड आधी गुरवाच्या हातात, ते वर्षभर देवाच्या अंगावर. अकरा वर्षं देव वरच्या आळीचंच नेसत होता. खालच्या आळीचं परत यायचं आणि त्याची बाळोती व्हायची.

"तुमच्या पोरांची चैन हाय बाबा," वरचे लोक म्हणायचे. "देवाच्या कापडात मुतत्यात!"

यंदा खालच्या आळीचं सूत केरबाच्या शेजारच्या सिदूतात्यांनी स्वतः कातलं होतं. तात्यांची नजर अधू होत चालली होती. "एकदा माझं सूत देवाच्या अंगावर बघू दे. मग डोळं मिटलं तरी चालंल," असं ते म्हणायचे. आळीचा नेहमीचा पळणारा गडी बैलगाडीवरून पडून पाय मोडून बसला होता. उरला केरबा. केरबा पळायचा मात्र सशासारखा.

पहिल्या दिवशी तात्यांनी त्याला पळवून बघितलं. दहा पावलं गेला आणि सोगा पायात आला. केरबा सरळ शेणाच्या ढिगात.

"आरं, पळताना धोतर असं लोंबतं सोडत्यात व्हय?" तात्या म्हणाले. "गुडघ्याच्या वर घट्ट खोचावं."

"बरं तात्या," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. निघायला उशीर झाला, म्हणून केरबा पळतच गेला. धोतर गुडघ्याच्या वर खोचून. पोचला आणि तसाच पाहुण्यांत जाऊन बसला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

सासरे म्हणाले, "जावईबापू, सुपारीला आलाय की चिखल तुडवायला?"

"तात्यांनी वर खोच म्हणून सांगितलंय," केरबा म्हणाला. "खाली कधी सोडायचं ते सांगितलं न्हाई."

घरी येताना त्याची बायको हौसा सगळी वाट बोलत होती. "चार माणसं दिसली, की धोतर घोट्यापतुर सोडावं. निऱ्या नीट घालाव्यात. माझ्या माहेरची अब्रू हाय काही!"

"बरं," केरबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याची शेळी बाभळीच्या रानात शिरली. केरबा मागं धावला. रानात लाकूडतोडे होते. केरबानं मोजले. एक, दोन, तीन, चार. लगेच थांबला, धोतर घोट्यापर्यंत सोडलं, निऱ्या घातल्या आणि काट्यात शिरला. शेळी बाहेर आली. केरबाही आला. निम्मं धोतर बाभळीवरच राहिलं.

एक लाकूडतोड्या म्हणाला, "गड्या, काट्यातनं जायचं तर धोतर सोडून डोक्याला गुंडाळावं. आत लंगोट हाय न्हवं?"

"हाय."

"मग भ्या कशाचं?"

"बरं दादा," केरबा म्हणाला.

चौथ्या दिवशी तो देवाला नारळ द्यायला निघाला. देवळाच्या अलीकडेच बाभळीचं बन होतं. केरबा बनातून गेला आणि लंगोटावर, डोक्याला धोतराचं मुंडासं, असा पायरीवर उभा राहिला.

गुरवाच्या हातातली घंटाच खाली पडली. "केरबा! देवाच्या पायरीवर असा येतोस? पायरी चढायची तर आधी कोरं धोतर नेसावं!"

"बरं गुरवकाका," केरबा म्हणाला. आता शिकायचं काही उरलं नाही, असं त्याला वाटलं.

आणि जत्रेचा दिवस उजाडला. तात्यांनी घडी केलेलं कोरं धोतर केरबाच्या बगलेत दिलं. "लक्षात हाय न्हवं समदं?"

"समदं हाय तात्या."

केरबा नदीवर गेला आणि तात्यांसकट सगळा गाव देवळापाशी जाऊन थांबला. ढोल वाजला. केरबानं धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि असा सुटला, की वरच्या आळीच्या गड्याला नुसती धूळ दिसली. देवळापासून लांबवर बघणारी खालची आळी नाचायला लागली.

अर्ध्या वाटेवर तीन बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं पोर. केरबा थांबला. एक, दोन, तीन. आणि हे पोर? त्याला काही ठरवता येईना.

"बाई, हे माणसात धरायचं का?"

"माणूस न्हाई तर काय शेरडू हाय?" बाई फणकारली.

मग चार झाले. केरबानं धोतर घोट्यापर्यंत सोडलं. एकेक निरी बोटानं दाबून नीट केली. तेवढ्यात वरच्या आळीचा गडी धापा टाकत पुढं गेला. बायका मागं पडल्यावर केरबानं पुन्हा खोचलं आणि बाभळीच्या बनाशी त्याला गाठलं. तो गडी काटे चुकवत वळसा घालून निघाला. केरबानं आपलं धोतर सोडलं, डोक्याला गुंडाळलं आणि बनातून सरळ पार झाला. देवळापाशी आला तेव्हा दुसरा गडी शंभर पावलं मागं होता.

गुरव पायरीवर हात पसरून उभा. फक्त कापड द्यायचं बाकी होतं.

"दे! हातात दे त्याच्या!" तात्या ओरडले.

केरबानं पायरीकडं बघितलं. स्वतःकडं बघितलं. डोक्यावरचं धोतर चाचपलं. ते दहादा धुतलेलं, ठिगळ लावलेलं. ते काही कोरं नव्हे. कोरं बगलेत होतं.

"थांबा तात्या. आधी नेसू द्या."

त्यानं घडी मोडली आणि देवाचं धोतर कमरेला लावलं. समोर चारशे माणसं होती, म्हणून घोट्यापर्यंत सोडलं. निऱ्या घातल्या. सोगा झटकला. मग पायरी चढला.

"मीच पयला न्हवं, गुरवकाका?"

"तू पयला," गुरव कपाळाला हात लावून म्हणाला. "पर माणसानं नेसलेलं देवाला कसं चालंल?"

तोवर दुसऱ्या गड्यानं आपली घडी गुरवाच्या हातात दिलीसुद्धा. बाराव्या वर्षीही देव वरच्या आळीचंच नेसला. वरची आळी हसून हसून लोळली. मग खालच्या आळीलाही हसू आवरेना.

तात्या मात्र पुढं आले. वाकून त्यांनी केरबाच्या अंगावरचं आपलं सूत चाचपलं. पोत सुरेख उतरला होता.

"चुकलं का हो तात्या?" केरबानं विचारलं. "आता काय करू?"

तात्यांना राग आला होता, पण तो हसण्यात विरला. "काय करतोस आता! देवाचं नेसलायस, तर देवाच्या जागी जाऊन बस!"

"बरं तात्या," केरबा म्हणाला. सोगा हातात धरून तो गाभाऱ्याकडं चालू लागला.

तात्या मागनं ओरडले, "आरं थांब! जातोयसच, तर पाय तरी धुऊन जा!"