बाराच्या पंगतीतले बगळे

तीन रात्री मला झोप नव्हती. कारण ऐकलं तर कुणीही हसेल. बाराची कसोटी.

माझी लेक मुक्ता पाचवीत आहे. एखाद्या संख्येला बाराने भाग जातो का, हे भागाकार न करता कसं ओळखायचं, असं तिने मला विचारलं होतं. मी एमएस्सी झालेली बाई. कणीक मळता मळता सांगून टाकलं, बे सक बारा, म्हणून दोनाने जातो का बघ, सहाने जातो का बघ, दोन्ही जमलं की झालं. चाचणीत तिची त्या प्रकारची पाचही गणितं चुकली. पेपर घरी आला तेव्हा मी म्हटलं, लक्ष नसतं तुझं. तेव्हापासून ती वही घेऊन दुसऱ्या खोलीत बसते, मला एक गणित विचारत नाही. नंतर मी पेपर नीट पाहिला. तिचं लक्ष होतं. मी सांगितलं तस्संच तिने केलं होतं.

हे तिला सरळ सांगायला दोन मिनिटं लागली असती. मला तीन दिवस जमलं नाही. शेवटी काल तिच्या शेजारी आडवी झाले आणि विचारलं, गोष्ट सांगू का, माझी आजी सांगायची तशी? ती म्हणाली, मी काय लहान आहे का. मग म्हणाली, सांग.

तर एकदा काय झालं, एका तळ्याकाठी एक गाव होतं आणि गावाची एक राणी होती. तळ्यात आसरा राहायची. आसरा म्हणजे पाण्यातली बाई, बरं का. दिसायची नाही, पण सगळं पाणी तिचं. ती वर्षभर गावाला पाणी द्यायची आणि वर्षातून एक दिवस तळ्याकाठी सगळ्या गावाला जेवायला घालायची. केळीची पानं, वरणभात, अळूची भाजी, सगळं आपोआप पानात यायचं. पण तिची एक अट होती. पंगत बाराची. प्रत्येक पंगतीत बारा माणसं. शेवटची पंगत अपुरी राहिली तर तिला खपायचं नाही. अपुऱ्या पंगतीत बसलेला प्रत्येक माणूस बगळा व्हायचा. आणि पानाभोवती पाणी फिरवलं की मधेच उठायचं नाही.

मग गाव काय करायचं, तर आदल्या दिवशीच माणसं मोजायचं. पंगत पुरी होत नसेल तर डोंगरापलीकडच्या गावातून पाहुणे बोलवायचं.

मुक्ताने विचारलं, बाराने भागून का नाही बघायचे? मी म्हटलं, त्या गावात भागाकार कुणालाच येत नव्हता. मग मजा होती की, असं ती म्हणाली.

भागाकार नव्हता, पण म्हाताऱ्या होत्या. एकेका आकड्याची एकेक म्हातारी. दोनाची म्हातारी फक्त शेवटचा अंक बघायची. सम असला की म्हणायची, पुरतं. नसला की म्हणायची, उरतं. तिनाची म्हातारी सगळ्या अंकांची बेरीज करायची आणि बेरीज तिनाच्या पाढ्यात आहे का बघायची. चाराची म्हातारी शेवटचे दोन अंक घेऊन बसायची. बाकीच्या अंकांशी तिला देणंघेणं नाही. बाराचीही एक म्हातारी होती. पण ती वारली आणि तिची विद्या तिच्याबरोबर गेली.

मग आता बारा कोण बघणार? गावाने राणीला विचारलं. राणी शिकलेली होती, बरं का. फार शिकलेली. तिने विचारसुद्धा केला नाही. म्हणाली, बे सक बारा. दोनाच्या म्हातारीला विचारा, सहाच्या म्हातारीला विचारा. दोघी पुरतं म्हणाल्या की पुरतं.

इथे मुक्ता माझ्याकडे वळली. मी छताकडे बघत पुढे सांगत राहिले.

पहिल्या वर्षी गावात एकशे अडतीस माणसं होती. दोनाची म्हणाली पुरतं. सहाची म्हणाली पुरतं. पाहुणे बोलावले नाहीत. गाव बसलं. अकरा पंगती भरल्या आणि बारावीत सहाच माणसं. त्यांनी पाणी फिरवलं, पहिला घास घेतला, आणि पानांपुढे सहा बगळे.

राणी घाबरली. पण तोंडाने काय म्हणाली? म्हणाली, तुम्हीच नीट मोजलं नसेल. लक्ष नसतं तुमचं. लोक खाली मान घालून घरी गेले. त्या वर्षी सहा जण गाव सोडून गेले.

मग दुसरं वर्ष. आता उरली एकशे सव्वीस माणसं. पुन्हा दोघी म्हणाल्या पुरतं. पण शेवटच्या पंगतीत बसायला कुणी धजेना. तेव्हा राणीची लेक पुढे झाली. दहा वर्षांची होती. लोक म्हणाले, नको बसू. ती म्हणाली, "माझ्या आईने सांगितलंय. आई चुकत नाही." आणि बसली. तिच्या बाजूला आणखी पाच जण बसले. आणि पंगत तिथेच संपली.

मग राणीचं काय झालं असेल? ती रोज तळ्यावर जायची. बारा बगळे चिखलात एका पायावर उभे असायचे. त्यांतला लहानसा एक तिचा. ती हाक मारायची. तो बगळा मान वळवून बघायचा आणि चार पावलं आणखी खोल पाण्यात जायचा. रागाने नव्हे. रागाने गेला असता तर राणीला बरं वाटलं असतं. राणी घरी यायची, बे सक बारा म्हणायची, पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यात तिला चूक सापडायची नाही. बे सक बाराच होतात ना. त्या वर्षी आणखी सहा जण गाव सोडून गेले आणि तिने कुणाला अडवलं नाही.

मग तिसरं वर्ष उजाडलं. माणसं उरली एकशे चौदा. या वेळी राणी स्वतःच सहाच्या म्हातारीकडे गेली. म्हातारी म्हणाली थांब, आणि काठी घेऊन बाहेर पडली. राणी तिच्या मागे गेली. तर ही म्हातारी गेली दोनाच्या घरी. तिथे विचारलं. मग गेली तिनाच्या घरी. तिथे विचारलं. मग परत येऊन राणीला म्हणाली, पुरतं. म्हणजे सहाची म्हातारी स्वतः काहीच बघत नव्हती, बरं का. दोघींचं ऐकायची आणि सांगायची.

राणी तिथेच ओट्यावर बसली. शेजारी चाराची म्हातारी शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "अगं, बारात दोन दोनदा आहेत आणि तीन एकदा. तू दोनाला विचारतेस, मग सहाला विचारतेस. सहाची जाऊन त्याच दोनाला विचारते. दोनदा विचारलंस, पण दोन एकदाच मोजलेस."

मग विचारायचं कुणाला?

"मला आणि तिनाच्या म्हातारीला," ती म्हणाली. "आम्ही एकमेकींच्या घरी जात नाही. दोन दोनदा बघायचं काम माझं, तीन बघायचं काम तिचं. दोघी मिळून बारा."

मग तिने एकशे चौदा बघितले. शेवटचे दोन अंक चौदा. म्हणाली, उरतं.

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, बघ मुक्ता, म्हणून पंधराला तीन आणि पाच, अठराला दोन आणि नऊ, तीन आणि सहा चालणार नाहीत, कारण सहाच्या पोटात तीन आधीच आहेत. आणि चोविसाला तीन आणि आठ. ती म्हणाली, गोष्ट सांगतेयस की शिकवणी घेतेयस. गोष्टसुद्धा मला धड सांगता येत नाही. मग तीच म्हणाली, पुढे.

पुढे काय, सहा माणसं कमी पडत होती. डोंगरापलीकडून आता कोण येणार? राणीने पाच गावांत निरोप पाठवले. पाचही गावांनी नाही म्हटलं. उरले ते गाव सोडून गेलेले बारा जण. राणी पायी त्यांच्याकडे गेली. त्यांनी विचारलं, आता काय सांगायला आलीस, आमचं लक्ष नव्हतं म्हणून?

राणीला खूप काही सांगता आलं असतं. बाराची म्हातारी वारली, विद्या गेली, कुणीच सांगितलं नाही. पण ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बरोबर मोजलं होतं. मी चुकीचं सांगितलं होतं. आणि वर तुम्हालाच बोलले."

बारांपैकी सहा जणांनी दार लावून घेतलं. सहा जण आले.

मग झाली एकशे वीस माणसं. एक, दोन आणि शून्य, बेरीज तीन. तिनाची म्हणाली पुरतं. शेवटचे दोन अंक वीस. चाराची म्हणाली पुरतं. राणी जाऊन शेवटच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसली. पाणी फिरवलं. पहिला घास घेतला. आणि काहीच झालं नाही. वरणभात वरणभातासारखा लागला.

पंगत पुरी झाली तसा आसरेचा राग उतरला आणि पाण्यातून बारा बगळे चालत काठावर आले. पंख झटकले आणि माणसं झाली. बारा म्हणजे बरोब्बर एक पंगत, म्हणून आसरेने आणखी बारा पानं मांडली. राणीची लेक ओल्या पायांनी येऊन जेवायला बसली. मग सगळे पोटभर जेवले, हात धुऊन आपापल्या घरी गेले आणि सुखाने राहिले. त्यांचे डोळे मिटले, आता तुझेही मिटू देत.

मुक्ताचे डोळे उघडेच होते. मी दिवा मालवला, कारण पुढचं उजेडात बोलवत नव्हतं. म्हटलं, दोन आणि सहा मी सांगितलं होतं. चूक माझी होती. आणि लक्ष नसतं असं मी तुलाच म्हटलं.

मला वाटलं, आता ही कूस बदलेल आणि संपलं.

"मला माहितीय," ती म्हणाली. "बाईंनी पेपर दिला त्याच दिवशी अठरा घेऊन फळ्यावर दाखवलं. हे कुणी शिकवलं विचारलं, तर मी सांगितलं, आईने बरोबरच सांगितलेलं, मीच विसरले. नाहीतर सगळे तुला हसले असते. आता सरक ना, माझी उशी तुझ्या कोपराखाली आहे."