हौद्यातली पहिली मूठ

आमच्या पेठेतला रंगाचा कारखाना बंद पडला, पण त्याचं विष जमिनीत राहिलं. ते काढून पोरांसाठी तालीम बांधायला सरकारनं निधी दिला. नगराध्यक्ष धैर्यशीलरावांनी वरवर तांबडी माती पसरली आणि उद्घाटनच ठेवलं.

"जमीन एकदम शुद्ध! कुणी शंका काढली, तर तालीम दुसऱ्या पेठेला देईन," ते माईकवरून म्हणाले.

आमचे म्हातारे बाबालाल वस्ताद हात जोडून उठले. "शंका कसली, साहेब? फक्त रीत पाळू. कुस्तीआधी हौदा, म्हणजे आखाड्यातली माती, खणतात."

त्यांनी सावकाश कुदळ मारली. तांबड्या मातीखालून निळा, उग्र वासाचा चिखल वर आला. वस्तादांनी त्याचीच मूठ भरली.

"पहिला मान तुमचा, साहेब. शर्ट काढा, मी अंगाला चोळतो."

नगराध्यक्ष मागं सरले. "अहो, फोड येतील ना अंगावर!"

"मग पोरांचं कातडं काय लोखंडाचं आहे, साहेब?"

सगळी पेठ हसली. तालीम हलवायचं नाव मग कुणी काढलं नाही. हौदा पार खोलवर उपसला, चांगली माती आली.

आजही दर हंगामाला वस्ताद पहिली मूठ नगराध्यक्षांपुढं धरतात. आता ते मुकाट शर्ट काढतात.