विचारणीचे धोंडे

ओढ्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक, हे दोन धोंडे बघितलेत? बसा, खुशाल बसा. माणसं बसून बसूनच ते असे गुळगुळीत झालेत, पाण्यानं नव्हे.

असे सांगतात की फार मागं गावात देवीची साथ आली. इथं रेऊ नावाची बाई राहायची. तिला दोन लेकी, थोरली ठकू आणि धाकटी मंजी. मंजीच्या अंगावर फोड उठले आणि घराचं देऊळच झालं म्हणे. त्या काळी देवी आलेलं पोर म्हणजे साक्षात देवीच. दारात कडुलिंबाचे डहाळे, मोठ्यानं बोलायचं नाही, मंजी मागेल ते हजर. ठकूची मात्र रवानगी ओढ्यापल्याड, चुलतीच्या खोपटात. काय झालंय, आई कधी भेटेल, कुणी सांगेना. विचारलं की एकच उत्तर, "गप बस, पोरांनी विचारू नये."

ठकूचा नुसता जळफळाट. मंजीला दहीभात, मंजीला आईची मांडी, अन् आपल्याला चुलतीची कोरडी भाकरी! थोरली कोण हे देवीला तरी दिसू नये? तिच्या मनानं घेतलं, आपल्या अंगावरही देवी आणायचीच.

एका दुपारी मंजीची वाकळ अल्याडच्या धोंड्यावर उन्हात घातली होती. ती पांघरली की झालं, असा ठकूचा हिशेब. ती ओढ्यात उतरली. तेवढ्यात रेऊ घागर घेऊन आली. बघते तर पोरगी वाकळीकडं हात लांबवतेय! रेऊ धावली आणि मधेच थबकली. मंजीचे फोड पुसलेले हात ते, त्यांनी ठकूला धरायचं कसं?

"ठके, मागं हो!"

"न्हाई होत! तू मंजीचीच आई हायेस!"

रेऊ घागर खाली ठेवून तिथंच बसली. आणखी ओरडली असती तर पोरगी हट्टानं पुढंच आली असती. "त्या पल्याडच्या धोंड्यावर बस," ती म्हणाली, "अन् काय विचारायचं ते विचार. गप बस म्हणणार न्हाई मी."

ठकू फुरंगटून गेली, पण गेली.

"मंजी मरंल का?"

"ठावं न्हाई, बाय. मी हाय तिच्यापाशी."

"मला का टाकलंस?"

"टाकलं न्हाई, राखलंय. तू तिकडं धड हायेस म्हणून मला घास उतरतो."

ठकूनं एक खडा ओढ्यात भिरकावला. मग हळूच म्हणाली, "मी तिला 'मर मेले' म्हणले हुते. म्हणून आली का देवी?"

"अगं, शिव्यांनी देवी येती तर तुझ्या आजीनं गाव कवाच रिकामं केलं असतं!"

ठकू हसली आणि हसता हसता तिनं भोकाड पसरलं. रेऊही रडली, अल्याडून. त्या दिवसापासून मायलेकी रोज तिथं बसू लागल्या. वाकळीकडं ठकूनं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

मंजी बरी झाली, तोंडावर वण घेऊन. आणि उठली ती रुसूनच. "आई रोज ठकीशीच बोलाय जायची!" मग तिलाही धोंड्यावर बसवावं लागलं.

आजही गावात गोवर-कांजिण्या आल्या की धडधाकट पोर पल्याड बसतं, आईबाप अल्याड. पोरानं काहीही विचारावं. मोठ्यांनी गप बस म्हणायचं नाही, ठाऊक नसेल तर तसं सांगायचं. आणि दुखण्यातून उठलेलं पोर पहिलं इथंच येतं, आपली राहिलेली पाळी मागायला. मग दोन्ही भावंडं एकाच धोंड्यावर चढतात, अन् आईच्या समोर कुणी बसायचं यावरून त्यांची पुन्हा जुंपते.